वाचकांचे प्रश्न : घरच्या प्रवाळ-टाकीला कंट्रोलर कोणता घ्यावा?

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरी गेल्या दिवाळीपासून १२० लिटरची सागरी टाकी आहे. खाली लहानसा सम्प (उपकरणे ठेवायची जोडटाकी) आहे. टाकीत क्लाउनफिशची जोडी आणि झोअँथिड, मशरूम व एक लेदर कोरल असे मऊ प्रवाळ आहेत. आम्ही दोघेही सकाळी आठला बाहेर पडतो ते रात्री आठला परततो, आणि गणपतीत आठ दिवस गावी रत्नागिरीला जातो. दुकानदाराने तापमान, पीएच, ओआरपी (पाण्याची ऑक्सिडीकरण-क्षमता) आणि क्षारता (पाण्यातले मिठाचे प्रमाण) मोजणारा, शिवाय ठरलेल्या मात्रेत द्रावण सोडणारे चार डोसिंग पंप चालवणारा परदेशी कंट्रोलर सुचवला आहे. त्याची किंमत टाकीवर आजवर झालेल्या सगळ्या खर्चाहून अधिक आहे. तो घ्यावा का? नाहीतर कोणता घ्यावा?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : पैसे मोजण्याआधी आपण विचारलेत, हे बरे झाले. माझे स्पष्ट मत असे आहे की सुचवलेला कंट्रोलर आपण घेऊ नये. त्याऐवजी हीटर आणि पंखा यांच्यासाठी वेगवेगळे सॉकेट असलेला साधा तापमान-कंट्रोलर घ्यावा, आणि उडून गेलेले पाणी भरण्यासाठी दोन सेन्सरांचा स्वतंत्र टॉप-अप संच घ्यावा. ही दोन उपकरणे एकमेकांवर अवलंबून नसावीत, असा माझा आग्रह आहे. एक बंद पडले तरी दुसरे आपले काम करत राहिले पाहिजे.

डोसिंग पंपांचा मुद्दा आधी निकालात काढू. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेटचे प्रमाण) रोज भरावी लागते ती दगडी प्रवाळांच्या टाकीत, कारण आपला सांगाडा उभारताना ते दोन्ही पाण्यातून सतत उचलत असतात. आपल्या टाकीत तसे प्रवाळ नाहीत, आणि ते असूही नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि सी-फॅन यांचा समावेश २००१ मध्येच झाला आहे. वाघाचे नाव ज्या अनुसूचीत आहे तीच ही अनुसूची. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरचे प्रवाळ हलवायचे होते, तेव्हा महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली होती. त्यामुळे ‘हा बाहेरून आलेला आहे’ असे सांगून कोणी दगडी प्रवाळ पुढे केला तरी तो घरी आणू नये. झोअँथिड, मशरूम आणि लेदर यांच्या टाकीत कॅल्शियमचा खप फारच थोडा असतो, आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की तो भरून निघतो. चार डोसिंग पंपांना आपल्याकडे काहीच काम नाही.

पीएचचेही जवळपास तसेच आहे. खिडक्या लावून एसी सुरू केला की माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड खोलीत साठतो, पाण्यात उतरतो, आणि रात्रीतून पीएच ८.२ वरून ७.९ पर्यंत उतरतो. सकाळी टाकीचा दिवा लागला की हळूहळू पुन्हा चढतो. हा चढउतार प्रवाळांच्या अंगवळणी पडलेला असतो. आकडा दिसत राहिला की तो सुधारण्याचा मोह होतो आणि पाण्यात नको ती रसायने पडतात. शिवाय पीएच मोजणारा काचेचा प्रोब पीएच ७ आणि १० च्या द्रावणांत वरचेवर जुळवून घ्यावा लागतो आणि साधारण दीड-दोन वर्षांत बदलावाही लागतो. ओआरपी आपल्यासाठी सोडूनच द्यावा.

ठाण्यात काळजी करायची ती तापमानाची. प्रवाळ-टाकीचे पाणी २५ ते २७ अंशांत राहिलेले चांगले, आणि आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने ते त्याच्या वरच जाऊ पाहते. परदेशी पुस्तकांत हीटरला पहिले स्थान असते. इथे ते पंख्याला आणि गरज पडल्यास चिलरला (पाणी गार करणाऱ्या यंत्राला) द्यावे लागते. पंख्याने पाणी थंड होते ते बाष्पीभवनामुळे. एक लिटर पाणी उडताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते, म्हणजे दिवसभरात एक लिटर उडाले तर टाकीतून सतत २८ वॉट उष्णता बाहेर काढल्यासारखे होते. मात्र या उपायाला हवेतल्या दमटपणाची मर्यादा आहे. एप्रिलमध्ये खोलीत ३३ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असेल तर पंखा पाण्याला फार तर २६ अंशांच्या आसपास नेऊ शकतो. जुलैत खोली २९ अंशांवर असली तरी आर्द्रता ८५ टक्के असते, त्यामुळे तीच मर्यादा २७ अंशांवर सरकते. त्यावर दिवा आणि पंप यांची उष्णता येते ती वेगळीच. म्हणून पावसाळ्यात हवा गार वाटत असताना टाकी मात्र २८ च्या पुढे गेलेली आढळते, आणि पुष्कळांना त्याचे कारण उमगत नाही.

कंट्रोलरमध्ये पंखा २७ अंशांना सुरू होऊन २६.५ ला थांबेल आणि हीटर २४.५ ला सुरू होऊन २५ ला थांबेल, अशी मांडणी करावी. दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा ठेवली नाही तर हीटर आणि पंखा एकमेकांविरुद्ध चालत राहतात. धोक्याची सूचना २९ अंशांना लावावी. पंखा असूनही ही सूचना ओळीने तीन-चार दिवस वाजत राहिली, तरच चिलरचा विचार करावा. आणि चिलर घेतलाच तर तो बंद झाल्यापासून किमान तीन मिनिटे पुन्हा सुरू होणार नाही, अशी सोय कंट्रोलरमध्ये असल्याची खात्री करावी, नाहीतर कॉम्प्रेसर लवकर निकामी होतो. चिलर गरम हवा बाहेर फेकतो, त्यामुळे तो बंद कॅबिनेटमध्ये ठेवू नये.

हीटर लहान घ्यावा. शंभर लिटर पाण्यात १०० वॉटचा हीटर बंदच झाला नाही, तर उष्णता बाहेर न गेल्यास तासाला जवळपास ०.९ अंश वाढ होते. ५० वॉटच्या हीटरने तीच वाढ निम्मी होते. ठाण्याच्या घरात जानेवारीतही ५० वॉट पुरतात. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट कंट्रोलरपेक्षा एक अंश वर, म्हणजे २६ वर ठेवावा. रोजचे काम कंट्रोलर करील, आणि त्याच्या रिलेचे (वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) टोक चिकटून बसले तर हीटर स्वतःहून थांबेल.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत सम्प साफ करताना मी तापमानाचा प्रोब काढून कॅबिनेटच्या कडेवर ठेवला आणि परत पाण्यात सोडायचा राहिला. प्रोब रात्रभर हवेचे २२ अंश वाचत होता आणि कंट्रोलर त्याच्या समजुतीप्रमाणे योग्य तेच करत होता: १०० वॉटचा हीटर तापवत होता. हीटरचा थर्मोस्टॅट मी ३२ वर फिरवून ठेवलेला होता. सकाळी पाणी ३० अंशांवर होते आणि हाताएवढा पसरलेला लेदर कोरल मुठीएवढा आकसून, पॉलिप मिटून पडला होता. तो सावरायला दहा दिवस लागले. तेव्हापासून प्रोब पंपाच्या कप्प्यात केबल-टायने बांधलेला आहे, आणि कंट्रोलरचा आकडा दर रविवारी साध्या काचेच्या थर्मामीटरशी ताडून पाहिला जातो.

आता टॉप-अप. पाणी उडते, मीठ उडत नाही. दगड आणि वाळू वजा जाता आपल्या टाकीत १०० लिटर पाणी धरले, तर रोज दोन लिटर उडाल्यास क्षारता एका दिवसात हजारी ३५ वरून ३५.७ होते. गणपतीत हवा दमट असल्याने रोज एकच लिटर उडेल असे मानले, तरी आठ दिवसांत ती ३८ वर जाते. त्यामुळे टॉप-अप संच आपल्याला हवाच. पण हाच संच बिघडला तर टाकीचे सर्वाधिक नुकसान करतो, आणि ते टाळण्याचा सर्वांत चांगला उपाय कोणत्याही कंट्रोलरमध्ये मिळत नाही: साठ्याचा कॅन लहान ठेवावा. दहा लिटरचा संपूर्ण कॅन टाकीत रिकामा झाला तरी क्षारता ३१.८ पर्यंतच उतरते, आणि आपले जीव तेवढे सोसतात. चाळीस लिटरचा ड्रम जोडून गावी गेलात तर ती २५ वर येईल आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी दाराशी येतील. आठ दिवसांचा हिशेब दहा लिटरमध्ये बसतो, म्हणून तेवढाच कॅन भरून जावे.

संचात पातळी ओळखणारा एक प्रकाशकिरणाचा सेन्सर आणि त्याच्या थोडा वर, पंप सक्तीने थांबवणारा एक फ्लोट असावा. पंप सलग किती मिनिटे चालावा याची मर्यादा ठरवता आली पाहिजे. गोगलगाय फ्लोटवर चढून बसते आणि पातळी भरलेली असूनही तो खालीच राहतो, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून फ्लोटभोवती प्लास्टिकची जाळी हवी. कॅनमधून येणाऱ्या नळीचे तोंड सम्पच्या पाण्यात बुडू देऊ नये आणि कॅनही सम्पपेक्षा उंचावर ठेवू नये, नाहीतर पंप थांबल्यावरही सायफनने पाणी वाहत राहते. कॅनमध्ये आरओ-डीआयचे, म्हणजे क्षार पूर्ण काढलेले, पाणी भरावे. उन्हाळ्यात घोडबंदरच्या अनेक सोसायट्यांत टँकर येतात. त्या दिवसांत पिण्याच्या आरओवर विसंबून न राहता विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने पाणी तपासून घ्यावे.

कंट्रोलर कोठे लावता हेही महत्त्वाचे आहे. सम्पच्या कॅबिनेटमध्ये आतून लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड वर्षभराने उघडून पाहावा: पितळी पट्ट्यांवर हिरवट-निळी भुकटी आणि स्क्रूभोवती मिठाची पांढरी साय दिसते. खारट दमट हवा आपले काम गुपचूप करते. कंट्रोलर आणि सर्व सॉकेट कॅबिनेटच्या बाहेर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवावेत, प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली एक झोल द्यावा म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत पोहोचणार नाही, आणि ही जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवरच) असावी. घरात आरसीसीबी नसेल तर कंट्रोलर थांबवा आणि आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

पूर्ण कंट्रोलर वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. अमेरिकेतील नेपच्यूनचा अ‍ॅपेक्स, जर्मनीतील जीएचएलचा प्रोफिलक्स किंवा हायड्रोस ही चांगली उपकरणे आहेत, आणि मोठ्या टाकीत, अनेक पंप आणि दिवे एका वेळापत्रकात बांधायचे असतील तर त्यांचा उपयोग होतो. पुढे तशी गरज पडलीच तर प्लगची पट्टी २३० व्होल्टची आहे की १२० ची, हे लेबलवर वाचावे. कोणी नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेली पट्टी आपल्या सॉकेटला लावू नये. कोणताही कंट्रोलर घेताना दुकानातच दोन गोष्टी करून पाहाव्यात. प्रोबची वायर उपटावी: कंट्रोलरने चूक दाखवून हीटर बंद केला पाहिजे. वाय-फाय बंद करावे: ठरवलेले काम तरीही चालू राहिले पाहिजे. ज्याला इंटरनेटशिवाय काही सुचत नाही, तो टाकीजवळ नको.

प्रश्न : आमच्याकडे ८० लिटरची टाकी आहे आणि घरात १५० अँपिअर-अवरची बॅटरी असलेला इन्व्हर्टर आहे. वीज गेल्यावर कंट्रोलर आणि टाकीची सगळी उपकरणे त्यावर चालवावीत का?
(एक वाचिका, खारघर)

उत्तर : सगळी नकोत. वीज गेल्यावर पहिला तुटवडा प्राणवायूचा होतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात जेमतेम ६.७, पाणी तापले की आणखी कमी. पृष्ठभाग हलता राहिला तरच तो भरून येतो. म्हणून इन्व्हर्टरवर एक प्रवाह-पंप, पंखा, कंट्रोलर आणि राउटर एवढेच घ्यावे. राउटर विसरला जातो, आणि मग वीज गेल्याची सूचना जिथून यायची तेच बंद असते. दिवा, स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) आणि हीटर यांना वाट पाहू द्यावी; चिलर तर मुळीच जोडू नये.

१२ व्होल्टच्या १५० अँपिअर-अवर बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॉट-अवर असतात. प्रत्यक्षात निम्मे धरले तरी १५ ते २० वॉटचा हा भार दिवसाहून अधिक चालेल, पण खोलीतला पंखा आणि दिवे त्याच बॅटरीवर असतात, याचा हिशेब ठेवावा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईसह ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली आणि कित्येक भागांत ती तासन्‌तास आली नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यातली ती दुपार डोळ्यांसमोर ठेवून आपली तयारी असावी. इन्व्हर्टर शुद्ध साइन-वेव्हचा नसेल तर एसी पंप गुरगुरतो आणि तापतो. अशा वेळी १२ किंवा २४ व्होल्टचा डीसी पंप घेतलेला चांगला.

वीज परत येते तो क्षणही सांभाळावा लागतो. स्किमर एकदम सुरू झाला तर फेस कपाबाहेर येतो, म्हणून कंट्रोलरमध्ये स्किमरला दहा मिनिटांचा उशीर लावून ठेवा. आणि एकदा स्वतः घरी असताना मेन स्विच बंद करून वरच्या टाकीतले पाणी सम्पमध्ये मावते का, ते पाहून घ्या.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काकांच्या टाकीसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर रीफ-पाय हा टाकी सांभाळणारा प्रोग्रॅम बसवून देण्याचा विचार आहे. काका म्हणतात, विकतचा बरा. आपले मत काय?
(एक विद्यार्थी, ऐरोली)

उत्तर : रीफ-पाय हा खुला आणि विनामूल्य प्रकल्प आहे, त्याचे काम उत्तम आहे, आणि शिकण्यासाठी त्याच्याइतकी चांगली गोष्ट मला माहीत नाही. तो घरातल्याच पायवर चालतो, त्यामुळे इंटरनेट गेले तरी टाकीचे काम थांबत नाही. तू तो जरूर बसव, पण काकांच्या काळजीलाही उत्तर दे. ती काळजी रास्त आहे, कारण चूक झाली तर ती टाकीतल्या माशांना भोवेल.

तापमानासाठी तू बहुधा डीएस१८बी२० हा सेन्सर घेशील. त्याची अचूकता अर्धा अंश आहे, तेवढी पुरते. पण बाजारात मिळणाऱ्या प्रोबची स्टीलची टोपी खाऱ्या पाण्यात गंजते, म्हणून तिच्यावर एपॉक्सी किंवा उष्णतेने आकसणारी नळी चढव. आर्डुइनो किंवा ईएसपी३२ या छोट्या बोर्डांवर स्वतः प्रोग्रॅम लिहिणार असशील तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव: नेहमीच्या लायब्ररीत सेन्सर तुटला की वाचन उणे १२७ येते, आणि सेन्सर नुकताच सुरू झाला असेल तर ८५. प्रोग्रॅमने उणे १२७ ला थंड पाणी समजून हीटर लावला तर टाकी शिजेल. दहा ते चाळीस अंशांबाहेरचे कोणतेही वाचन म्हणजे बिघाड मानून हीटर बंद करायचा.

रिलेची जोडणी करताना रास्पबेरी पाय बंद पडल्यावर काय चालू राहायला हवे, हे आधी कागदावर लिही. प्रवाह-पंप रिलेच्या ‘नॉर्मली क्लोज्ड’ टोकावर घे, म्हणजे पाय मेला तरी पंप चालत राहील. हीटर आणि टॉप-अप ‘नॉर्मली ओपन’ टोकावर, म्हणजे ते आपोआप थांबतील. घरगुती जोडणीत ही चूक सर्वांत जास्त आढळते. २३० व्होल्टच्या उघड्या रिले-बोर्डला मिठाच्या पाण्याजवळ हात लावू नकोस. पंखे आणि टॉप-अप पंप १२ व्होल्टचेच घे. हीटरसाठी मात्र विकतचा तापमान-कंट्रोलर मध्ये असू दे आणि रीफ-पायला त्यावर फक्त लक्ष ठेवायला सांग. काकांचे म्हणणेही त्यात राहील.

सगळे जुळले की ते लगेच टाकीला लावू नकोस. बाथरूममध्ये एका बादलीत साधे पाणी भर, त्यात हीटर, प्रोब आणि फ्लोट सोड, आणि दोन आठवडे चालू दे. रोज एक काहीतरी मुद्दाम बिघडव: प्रोब बाहेर काढ, फ्लोट बोटाने दाबून धर, पायची वायर उपट, मेमरी कार्ड काढ. काय झाले ते वहीत लिहून ठेव आणि ती वही काकांना दाखव.